चाँदबीबीची आई: खुंजा हुमायूँ आणि तिच्यावरची मसनवी

अहमदनगरजवळच्या (आताचं अहिल्यानगर) डोंगरावर सलाबत खानाची कबर आहे, पण लोक तिला चाँदबीबीचा महालच म्हणतात. लेकीच्या नावाचा एवढा दबदबा, की दुसऱ्याची कबरही तिच्या नावावर जमा झाली! आईचं नाव विचारलं, तर मात्र आपल्यातले बहुतेक जण गप्प होतील.

तिचं नाव खुंजा हुमायूँ. तिसरे निजामशाह हुसेन यांची ती बेगम. चाँदबीबी आणि मुर्तुजा तिच्याच पोटचे. भुईकोट किल्ल्याचा दगडी तट याच हुसेन निजामशाहांच्या काळातला. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची एकी झाली तेव्हा चाँदबीबीचा निकाह विजापूरच्या अली आदिलशाहांशी लावला गेला आणि आंदण म्हणून सोलापूर दिलं गेलं. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई जिंकली. त्यानंतर काही महिन्यांतच हुसेन वारले. मुर्तुजा लहान, म्हणून कारभार आईच्या हाती आला.

याच सुमारास आफताबी नावाच्या शायराने फारसीत एक सचित्र मसनवी रचली, ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. नावात बादशहा आहे, लढाईचं वर्णनही आहे. पण शायराची लेखणी रमते ती बेगमेपाशी. तिचं रूप, तिचं लग्न, तिचा सहवास. दरबारी काव्यात बादशहाच्या बेगमेचं असं उघड वर्णन सहसा होत नसे. भोपाळच्या नवाब शाहजहाँ बेगम यांनी पुढे राज्य करता करता स्वतः उर्दूत शायरी केली. अहमदनगरात राणीने लिहिलेलं काव्य नाही, राणीवर लिहिलेलं आहे. आमच्या मते ही तारीफ नुसती सौंदर्याची नव्हती. चित्रांत बेगम बादशहाच्या शेजारी तख्तावर बसलेली असायची, आणि तख्तावर बसलेली बाई दाखवणं म्हणजे तिचा हक्क मान्य करणं.

हक्क टिकला नाही. बेगमेने आपल्या भावांना मोठी पदं आणि जहागिरी दिल्या, त्यामुळे जुने सरदार नाराज झाले. तिकडे विजापूरच्या किश्वर खानाने निजामशाही मुलखात शिरून धारूरला किल्ला बांधला, आणि अहमदनगरची फौज काही करू शकली नाही. नातेवाईकांच्या हाती राज्य दिल्याची किंमत होती ही. बेगमेची चूक झाकायचं कारण नाही. सरदारांनी वयात येणाऱ्या मुर्तुजाचे कान भरले. पहिला डाव फसला. दुसऱ्यांदा मात्र मुलाच्याच हुकमाने आईला पकडण्यात आलं. फरिश्ता सांगतो की ती मुकाट्याने गेली नाही, हत्यार घेऊन सामोरी आली. पुढे नशिबी कैद आली. पोटच्या पोराने आईला कैदेत टाकावं, हे आजही वाचवत नाही.

मग कुणीतरी मसनवीच्या पानांवरही हात चालवला. चित्रांत बादशहा बसलेला आहे, दासी उभ्या आहेत, पण त्याच्या शेजारची बेगम रंगाखाली पुसून टाकलेली. ती कैदेत गेल्यावरच हे झालं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शायराचे शब्द मात्र तसेच राहिले. चित्र पुसणाऱ्याने बहुधा फक्त चित्रं पाहिली, पानं वाचली नाहीत.

पुढे १५९५ मध्ये अकबर बादशहाची फौज अहमदनगरवर आली, तेव्हा विजापूरहून माहेरी परतलेली चाँदबीबी बापाने बांधलेल्या त्याच तटावर उभी राहिली. तिनेही एका लहान वारसाच्या वतीने कारभार पाहिला. १६०० मध्ये तिला मारलं तेही परक्यांनी नव्हे, किल्ल्यातल्याच लोकांनी.

मसनवीचं हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. १९८७ मध्ये ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ते संपादून छापलं. त्यात एक चित्र पुसणाऱ्याच्या हातून सुटलं आहे. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड बहरतं, ही आपल्या मातीतली जुनी कल्पना चित्रकाराने फारसी पुस्तकात आणली आहे. झाडाला हात लावून खुंजा हुमायूँ उभी आहे, आणि झाड फुलांनी भरलं आहे.