राजनारायण : खटल्यांपलीकडचा आरोग्यमंत्री

नागरी सेवा परीक्षेची तयारी केलेल्या प्रत्येकाला राजनारायण हे नाव पाठ असते. मात्र माणसाचे म्हणून नव्हे, खटल्याचे म्हणून. इंदिरा नेहरू गांधी विरुद्ध राजनारायण या 1975 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत चौकटीच्या निकषावर घटनादुरुस्तीतील एक कलम रद्द केले. त्याच वर्षीच्या उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राजनारायण या निकालाने नागरिकाच्या माहितीच्या हक्काचा पाया घातला. हाच माणूस पुढे सव्वा वर्ष देशाचा आरोग्यमंत्री होता, हे मात्र क्वचितच कोणाला आठवते. त्या सव्वा वर्षात त्यांनी पुढे आणलेला प्रश्न अजून सुटलेला नाही.

राजनारायण यांचा जन्म 1917 मधला, वाराणसी जिल्ह्यातील गंगापूर परिसरातला. घराणे भूमिहार जमीनदारांचे, काशीच्या राजवंशाशी नाते सांगणारे. शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात झाले आणि राजकारणाची दीक्षाही तिथल्याच विद्यार्थी चळवळीत मिळाली. 1942 च्या आंदोलनात ते तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर तुरुंगवास संपेल अशी इतरांची अपेक्षा असेल. राजनारायण यांच्या बाबतीत तो चालूच राहिला. डॉ. राममनोहर लोहिया यांचे अनुयायी म्हणून काशी विश्वनाथ मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा यासाठी त्यांनी 1950 च्या दशकात सत्याग्रह केला. 1952 च्या निवडणुकीनंतर ते उत्तर प्रदेश विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. सभागृहात आवाज चढवणारा, मार्शलनी उचलून बाहेर नेलेला नेता ही त्यांची प्रतिमा तेव्हाच पक्की झाली. डोक्याला बांधलेला हिरवा रुमाल पुढे व्यंगचित्रकारांच्या सोयीचा ठरला. विदूषक म्हणून त्यांची गणना करणे दिल्लीतील अभिजनांना सोपे गेले, ते यामुळेच.

1971 मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधींकडून ते एक लाखाहून अधिक मतांनी हरले. एवढ्या फरकाने हरल्यावर निवडणूक याचिका दाखल करणे हा हट्टच मानला गेला. पण 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवड रद्द ठरवली आणि देशाच्या राजकारणाची दिशा बदलली. 25 जूनच्या रात्री आणीबाणी आली. राजनारायण पुन्हा तुरुंगात गेले. मार्च 1977 मध्ये त्याच रायबरेलीत त्यांनी इंदिरा गांधींचा पंचावन्न हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आरोग्य आणि कुटुंब नियोजन खाते आले.

हे खाते त्या काळी निखाऱ्यासारखे होते. आणीबाणीतील 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सरकारी दवाखान्याची पायरी चढायलाही लोक बिचकू लागले होते. नव्या मंत्र्यांनी कार्यक्रम ऐच्छिक असल्याचे जाहीर केले. कुटुंब नियोजनाचे नाव कुटुंब कल्याण झाले. पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांचा आकडा दहा लाखांच्याही खाली आला. लोकसंख्येच्या धोरणाची ही पीछेहाट होती, असे अनेक अभ्यासक मानतात; परंतु सक्तीने गमावलेला विश्वास परत मिळवण्याला दुसरा मार्गही नव्हता.

विश्वासाच्या पलीकडे आणखी एक प्रश्न होता. आरोग्यसेवेचे संरक्षण तोवर नेमके कोणाला मिळत होते? कर्मचारी राज्य विमा योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. तिचा लाभ संघटित कारखान्यांतील कामगारांना होता. 1954 मध्ये दिल्लीतच केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य योजना सुरू झाली. म्हणजे सरकारने आपल्या सेवकांची आणि कारखान्यांच्या वेतनपटावरील माणसांची सोय केली. शेतमजूर, भूमिहीन, बनारसचा विणकर यांचा वेतनपट नव्हता. म्हणून त्यांचा विमाही नव्हता. शिवाय सार्वजनिक आरोग्य हा घटनेनुसार राज्यांचा विषय. केंद्रीय मंत्र्याच्या हाती राज्यांतील दवाखाने नव्हते; योजना आणि निधी एवढेच होते.

2 ऑक्टोबर 1977 रोजी राजनारायण यांच्या मंत्रालयाने समाज आरोग्य रक्षक योजना सुरू केली, ती या पार्श्वभूमीवर. पहिल्या टप्प्यात 777 प्राथमिक आरोग्य केंद्रे निवडली गेली. सुमारे हजार लोकसंख्येमागे एक रक्षक, तोही गावानेच निवडलेला. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, त्या काळात दरमहा 200 रुपये विद्यावेतन, नंतर 50 रुपये मानधन आणि सोबत नेहमीच्या औषधांची पेटी. अॅलोपॅथीबरोबर देशी उपचारपद्धतींचाही प्रशिक्षणात समावेश होता. चीनमधील अनवाणी डॉक्टरांचा आदर्श समोर होताच. पण जवळची उदाहरणेही होती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून अल्पशिक्षित, निरक्षर ग्रामीण स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले होते.

डॉक्टरांच्या संघटनांनी योजनेला कडाडून विरोध केला. तीन महिन्यांत तयार होणारा माणूस औषध देणार म्हणजे भोंदू वैद्यकीला राजमान्यता, असा त्यांचा आक्षेप. या आक्षेपामागे व्यावसायिक हितसंबंध होते, तसे तथ्यही होते. योजना घाईने आखली गेली होती. नंतरच्या पाहण्यांत आढळले, की अनेक ठिकाणी गावाची निवड म्हणजे सरपंचाची निवड ठरली; निवडलेले बहुसंख्य पुरुष होते, तर आजारी मुलांचा आणि बाळंतपणाचा प्रश्न बायकांचा होता; औषधांची पेटी वेळेवर भरत नसे. जामखेडमध्ये जे वर्षानुवर्षांच्या सहवासातून घडले, ते दिल्लीच्या परिपत्रकातून घडणे कठीणच होते.

तरीही योजना सुधारण्यासाठी लागणारा वेळ मंत्र्याने स्वतःच्याच हाताने घालवला. चौधरी चरणसिंह हे राम आणि आपण त्यांचे हनुमान, अशी भूमिका घेतलेल्या राजनारायण यांनी मोरारजींशी उघड संघर्ष मांडला. जून 1978 मध्ये चरणसिंहांसह त्यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवा आणि समाजातील आरोग्य कार्यकर्ता यांना जागतिक मान्यता दिली. जग ज्या वाटेवर आले, त्या वाटेचा भारतातील मंत्री तेव्हा पक्षांतर्गत लढाईत गुंतला होता. जुलै 1979 मध्ये त्यांनी जनता पक्ष (सेक्युलर) स्थापन केला आणि मोरारजींचे सरकार कोसळले. 1980 मध्ये स्वतःच्या वाराणसीत ते कमलापती त्रिपाठी यांच्याकडून हरले. 1984 मध्ये तर ज्यांचे हनुमान म्हणवले, त्या चरणसिंहांविरुद्धच बागपतमध्ये लढले आणि पराभूत झाले. 31 डिसेंबर 1986 रोजी त्यांचे निधन झाले.

योजना त्यांच्यानंतरही जगली, पण पोरकी. रक्षकाचा स्वयंसेवक झाला, 1981 मध्ये ग्राम आरोग्य मार्गदर्शक झाला. मानधन मात्र फारसे हलले नाही. 2002 मध्ये केंद्राने निधी थांबवला. तीनच वर्षांनी, 2005 मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली. हजार लोकसंख्येमागे एक, गावातलीच. फरक इतकाच की ती स्त्री होती. 1977 ची एक चूक सुधारली गेली, दुसरी तशीच राहिली. आशा आजही कर्मचारी नाही, कामागणिक मोबदला घेणारी स्वयंसेविका आहे. महाराष्ट्रातील आशांना 2023 मध्ये संप करावा लागला, तो याच कारणाने.

अमेरिकेत 1965 मध्ये 65 वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर आले, 2010 मध्ये ओबामांचा कायदा आला. तिथल्या वादाचा गाभा उपचाराचे देयक कोणी भरायचे हा आहे. भारतानेही 2018 मध्ये आयुष्मान भारत योजनेतून गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. 2024 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्व नागरिकांना त्यात सामावून घेतले. ही मोठीच झेप आहे. मात्र रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचा ताप, खोकला, मधुमेहाची रोजची गोळी हे सारे या संरक्षणाच्या बाहेर राहते. आणि रुग्णालय जिथे नाही, तिथे विम्याचे कार्ड खिशातच राहते.

25 ऑक्टोबर 2021 रोजी आरोग्याच्या पायाभूत सुविधांच्या राष्ट्रीय अभियानाचा प्रारंभ पंतप्रधानांनी केला, तो वाराणसीतच. देयकाबरोबर दवाखान्याचीही गरज आहे, याची ती कबुली होती. राजनारायण यांच्या योजनेत दोष पुष्कळ होते आणि त्यांच्या स्वभावात त्याहून अधिक. पण देयक कोण भरणार या प्रश्नाआधी रात्री गावात कोणी तापाने फणफणला, तर त्याच्यापाशी कोण पोहोचणार, हा प्रश्न केंद्र सरकारच्या पातळीवर त्यांनी विचारला होता. पन्नास रुपये मानधन हे त्याचे उत्तर नव्हते. आशाला मिळणारा मोबदलाही अजून ते उत्तर ठरलेला नाही.