परळचं ‘बैलघोडा’ हॉस्पिटल उभं करणारे दिनशा पेटिट

भिवंडी : बैलाचा पाय मोडला, म्हशीचं ऑपरेशन निघालं आणि तालुक्यात भागलं नाही, की आपल्याकडे परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं नाव निघतं. ते ज्यांच्यामुळे उभं राहिलं ते सर दिनशा माणेकजी पेटिट.

जन्म १८२३ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. सूत-कापडाच्या गिरण्या काढून ते मोठे झाले. त्या काळी शहराचं ओझं बैल-घोडेच ओढायचे. जनावर जखमी झालं तर पांजरपोळात चारा-आसरा मिळायचा, पण शिकलेला डॉक्टर मिळणं कठीण. पेटिट यांनी परळला जागा आणि पैसा दिला. १८८० च्या दशकात हॉस्पिटल सुरू झालं, नाव त्यांच्या पत्नी साकरबाईंचं.

१८८६ मध्ये तिथंच मुंबई व्हेटर्नरी कॉलेज निघालं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांनी सर्रा रोगाचा अभ्यास केलेला होता. आजारी जनावर समोरच असल्यानं विद्यार्थी रोग, जखमा, शस्त्रक्रिया हातानं शिकले.

पेटिट १९०१ साली गेले. आपल्या गोठ्यात येणारे कित्येक डॉक्टर आजही याच कॉलेजात शिकलेले असतात. भिवंडीही सुतावरच चालते. सुताचा पैसा जनावरापर्यंत पोचवणारा हा माणूस म्हणून लक्षात ठेवायला हवा.