झाडांसारखी दिसणारी माणसं

आजचं वाचन: मार्क ८:२२-२६

बेथसैदाच्या आंधळ्याची ही गोष्ट मला संडेस्कूलपासून अडते. बऱ्याच ठिकाणी प्रभू येशू नुसता शब्द बोलतो आणि माणूस बरा होतो. इथे मात्र एका स्पर्शात काम होत नाही. पहिल्यांदा हात ठेवल्यावर त्या माणसाला दिसायला लागतं, पण समोरची माणसं त्याला चालत्या झाडांसारखी दिसतात. मग प्रभू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा कुठे सगळं स्पष्ट होतं. प्रभूचं सामर्थ्य पहिल्या वेळी कमी पडलं का, असं मी तेव्हा बाईंना विचारलं होतं. वर्गात हशा झाला, एवढंच आठवतंय.

गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीने चहा पिताना मला सरळच विचारलं, तुम्ही चर्चला जाणारे लोक बाकीच्यांपेक्षा खरंच जास्त चांगलं वागता का गं? ती चिडवत नव्हती. मी रोज सकाळी स्टेटसला वचन ठेवते, ते ती वाचते, आणि दिवसभर शेजारच्या डेस्कवरून मला बघतेही. मी काहीतरी पुटपुटले आणि विषय बदलला. त्या रात्री हा उतारा वाचताना मला जॉन न्यूटन आठवला. तोच, ज्याचं ‘अमेझिंग ग्रेस’ आपण युवक सभेत गिटारवर गातो.

त्याची साक्ष आपल्याला साधारण अशी सांगितली जाते: गुलामांचा व्यापार करणारा एक दुष्ट कप्तान होता, समुद्रात वादळ आलं, त्याने पश्चात्ताप केला, व्यापार सोडला आणि गीत लिहिलं. मीही कॅम्पमध्ये ही साक्ष अशीच सांगितली आहे. पण ती तशी घडली नाही, मित्रांनो.

जॉनचा जन्म १७२५ सालचा, लंडनच्या वॉपिंग भागातला, थेम्स नदीच्या काठावरचा. वडील व्यापारी जहाजाचे कप्तान, त्यामुळे बरेचदा समुद्रावर. आई एलिझाबेथ त्याला मांडीवर घेऊन वचनं आणि गीतं पाठ करून घ्यायची. तो सात वर्षांचा होण्याआधीच ती क्षयाने गेली. अकराव्या वर्षी वडिलांनी त्याला जहाजावर नेलं आणि तिथून पोरगा वाहवत गेला. शिव्यांमध्ये तो खलाशांनाही मागे टाकायचा, आणि इतरांचा विश्वास मोडायला त्याला विशेष मजा यायची. १७४४ मध्ये त्याला जबरदस्तीने आरमारात भरती केलं. तो पळाला, पकडला गेला, सगळ्यांसमोर चाबकाचे फटके खाल्ले, आणि पुढच्या वर्षी त्याची रवानगी पश्चिम आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका व्यापारी जहाजावर झाली. ते जहाज गुलामांच्या व्यापारातलं होतं.

सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळ प्लँटेन नावाची बेटं आहेत. तिथे तो एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे कामाला राहिला आणि आजारी पडला. व्यापाऱ्याच्या आफ्रिकन बायकोने त्याचे फार हाल केले, मग व्यापारीही उलटला. अंगावर धड कपडा नाही, पोटाला अन्न नाही. जवळ एक युक्लिडचं भूमितीचं पुस्तक होतं, त्यातल्या आकृत्या तो वाळूत काठीने काढत बसायचा. या दिवसांबद्दल त्याने पुढे स्वतःच एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि मी तिच्यापाशी दर वेळी थांबते. साखळदंडात बांधलेले गुलाम, ज्यांना स्वतःलाच जेमतेम मूठभर मिळायचं, ते कुणाला दिसणार नाही अशा बेताने त्यातलं त्याला आणून द्यायचे.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

वडिलांच्या ओळखीतल्या एका कप्तानाने त्याला तिथून सोडवलं. परतीच्या वाटेवर, मार्च १७४८ मध्ये, ‘ग्रेहाउंड’ नावाचं ते जहाज अटलांटिकमध्ये भयंकर वादळात सापडलं. जहाजाची एक बाजू फुटली. जहाजात मेण आणि हलकं लाकूड भरलेलं होतं म्हणून ते तरंगत राहिलं. जॉनने तासन् तास पंप मारून पाणी उपसलं, मग थकल्यावर सुकाणू धरलं, आणि तिथे उभ्या उभ्या त्याला आईने शिकवलेली वचनं आठवायला लागली. चार आठवड्यांनी ते मोडकं जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. २१ मार्च हा दिवस तो पुढे आयुष्यभर उपास आणि प्रार्थनेत पाळत आला.

त्याचं बदलणं खोटं नव्हतं. शिव्या बंद झाल्या. दारू आणि बाहेरख्यालीपणा सुटला. १७५० मध्ये त्याने मेरीशी लग्न केलं. तिला तो पॉली म्हणायचा, आणि तिच्यावर त्याने मरेपर्यंत प्रेम केलं.

आणि तारण झाल्यानंतर तो गुलामांच्या जहाजावर परत गेला. आधी कप्तानाच्या हाताखाली, मग १७५० ते १७५४ या काळात स्वतः कप्तान म्हणून तीन सफरी. लिव्हरपूलहून आफ्रिका, तिथून माणसं भरून वेस्ट इंडीजची बेटं, ती विकून परत लिव्हरपूल. म्हणजे ‘आधीचा दुष्ट कप्तान’ असा कुणी नव्हताच. कप्तान झाला तो विश्वासात आलेला जॉन.

जहाजावर तो रविवारी खलाशांना गोळा करून उपासना घ्यायचा. शास्त्र वाचायचा, लॅटिन शिकायचा, पॉलीला लांबलचक प्रेमळ पत्रं लिहायचा. खाली तळघरात माणसं एकाला एक चिकटून बेड्यांत पडलेली असायची. पुढे त्याने स्वतःच लिहिलं की फळीवर पुस्तकं लावावीत तशी त्यांना लावलेलं असायचं. रोजच्या नोंदवहीत कुणी मेलं की नाव नसे, फक्त नंबर. आणि १७५२ च्या डिसेंबरात बंडाचा कट असल्याचा संशय आला, तेव्हा त्याने मुलांचे अंगठे पेचात धरून स्क्रू आवळला, कबुलीजबाबासाठी. मुलांचे. ज्या लोकांनी त्याला आपल्या घासातला घास दिला, त्यांच्याच किनाऱ्यावरची ती मुलं.

शेवटच्या सफरीत एकही माणूस दगावला नाही, ना खलाशी, ना गुलाम. अशी सफर फार क्वचित व्हायची. जॉनने लिव्हरपूलच्या चर्चमध्ये त्याबद्दल देवाचे आभार मानले. त्या उपकारस्तुतीत ढोंग नव्हतं, आणि मला भीती वाटते ती नेमकी त्याचीच.

त्याला काहीच टोचत नव्हतं असंही नाही. बेड्या आणि कुलपं सांभाळायचं तुरुंगरक्षकासारखं हे काम नकोसं झालंय, दुसरा एखादा माणुसकीचा धंदा मिळू दे, अशी प्रार्थना तो करत असे. पण नकोसं आणि पाप यांत अंतर असतं. १७५४ मध्ये चौथ्या सफरीवर निघायच्या दोन दिवस आधी तो चहा पिता पिता बेशुद्ध पडला, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने समुद्र सोडला. प्रकृतीने सोडवला. विवेकबुद्धी अजून यायची होती.

काळच तसा होता, असं आपण पटकन म्हणतो. पण त्याच १७५४ साली अमेरिकेत जॉन वूलमन नावाच्या एका क्वेकर माणसाने गुलाम बाळगण्याविरुद्ध पुस्तिका छापली होती. त्याच्याकडेही तेच बायबल होतं.

पुढची वर्षं मी भरभर सांगते. न्यूटन लिव्हरपूलच्या बंदरात जकात अधिकारी झाला, ग्रीक आणि हिब्रू शिकला, १७६४ मध्ये दीक्षित होऊन ओल्नी नावाच्या गरीब, लेस विणणाऱ्यांच्या गावात पाळक म्हणून गेला. लोकांचा फार जीव होता त्याच्यावर. कवी विल्यम कूपर तिथे त्याचा शेजारी झाला. कूपरला वेडाचे झटके यायचे, आणि न्यूटनने त्या काळात त्याला महिनोन् महिने आपल्या घरी ठेवून सांभाळलं. दोघांची गीतं ‘ओल्नी हिम्स’ या पुस्तकात १७७९ मध्ये आली. ‘अमेझिंग ग्रेस’ त्यातलंच. ते १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी लिहिलेलं होतं, १ इतिहास १७ व्या अध्यायावर, जिथे दावीद राजा देवासमोर बसून विचारतो की मी असा कोण आहे म्हणून तू मला इथवर आणलंस.

आता हिशोब लावा. वादळानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी हे गीत आलं. आणि या पंचवीस वर्षांत न्यूटनने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लोकांसमोर एक शब्दही काढला नव्हता.

दुसरा स्पर्श माणसांच्या हातून झाला असं मला वाटतं. १७८० मध्ये तो लंडनच्या सेंट मेरी वूलनॉथ चर्चचा पाळक झाला. १७८५ च्या डिसेंबरात विल्यम विल्बरफोर्स नावाचा तरुण खासदार गुपचूप त्याला भेटायला आला. दार वाजवायचा धीर होईना म्हणून तो आधी चौकाला फेऱ्या मारत राहिला होता. नुकताच विश्वासात आला होता आणि राजकारण सोडावं का, या विचारात होता. न्यूटनने त्याला सांगितलं, आहेस तिथेच राहा. पुढे दोनेक वर्षांत तोच विल्बरफोर्स गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेत उभा राहायच्या तयारीला लागला, आणि त्या लढ्याला साक्षीदार हवे होते. जहाजाच्या तळघरात काय चालतं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले, स्वतःच्या हातांनी केलेले.

१७८८ मध्ये बासष्ट वर्षांच्या या लाडक्या पाळकाने आफ्रिकेतल्या गुलाम-व्यापारावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. सगळं लिहिलं. फळीवरची पुस्तकं, चाबूक, अंगठ्यांचे स्क्रू, बायकांवरचे अत्याचार. आपण स्वतः यात होतो, ही कबुली फार उशिरा येते आहे, आणि ही लाज आपल्याबरोबर कायम राहणार आहे, असंही लिहिलं. त्या वर्षी त्याने राजाच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर साक्ष दिली, आणि १७९० मध्ये संसदेच्या समितीसमोरही.

वादळापासून हे होईपर्यंत चाळीस वर्षं गेली.

त्या पुस्तिकेत एक साधं वाक्य आहे, ते मला सगळ्यात जास्त लागलं. तो म्हणतो की त्या दिवसांत हे काम चुकीचं आहे अशी शंका त्याच्या मनात आली नाही, आणि कुणा मित्रानेही कधी तसं सुचवलं नाही. इतकी वर्षं चर्चमध्ये, इतके विश्वासू मित्र, इतक्या प्रार्थनासभा. कुणीच नाही.

माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे थोडंसं दिसतं, आणि ते मला आवडत नाही. ज्या पापाला मंडळीत नाव आहे, ते न्यूटनने लगेच सोडलं: शिवीगाळ, दारू, परस्त्री. ज्याच्यावर सगळ्यांचं घर चालत होतं, त्याला कुणी पाप म्हणतच नव्हतं, म्हणून तिथे त्याचा विश्वास चाळीस वर्षं मुका राहिला. त्याच्या विश्वासाने काहीच केलं नाही असं मात्र मला म्हणता येत नाही. व्यापारातले इतर कप्तान म्हातारे झाले आणि गप्पच मेले. याने तोंड उघडलं, नाव पणाला लावून, कुणी विचारलं नसतं तरी चाललं असतं अशा वयात.

माझंही सांगते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरी काम करणाऱ्या मावशींचा मुलगा तापाने आजारी होता, त्या चार दिवस आल्या नाहीत. महिन्याच्या शेवटी मी चार दिवसांचे पैसे कापले. त्याच संध्याकाळी मी पगाराचा दशमांश काढला, अगदी रुपयापर्यंत हिशोब करून, आणि पाकिटात घालताना मला फार बरं वाटलं. मी जिथे नोकरी करते तिथे मला आजारपणाची भरपगारी रजा मिळते. ही दोन वाक्यं मी कधी एकमेकांशेजारी ठेवलीच नव्हती. आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. सेल ग्रुपमध्ये आम्ही मोबाइलच्या व्यसनाबद्दल, मत्सराबद्दल कबुली देतो. मावशींच्या पगाराबद्दल आजवर कुणी देताना मी ऐकलं नाही.

म्हातारपणी न्यूटनची दृष्टी जवळजवळ गेली. पॉली १७९० मध्येच गेली होती. तो व्यासपीठावर उभा राहायचा तेव्हा बोलता बोलता विषय विसरायचा, तरी ऐंशी ओलांडेपर्यंत उपदेश करत राहिला. मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला, तेव्हा तो जिवंत होता. त्याच वर्षी २१ डिसेंबरला तो गेला. कबरीवरचा मजकूर त्याने आधीच स्वतः लिहून ठेवला होता. त्यात तो एकेकाळी नास्तिक होता, बदफैली होता, आफ्रिकेत गुलामांचा चाकर होता, हे सगळं आहे. तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता, हे त्यात नाही.

मी परवा मावशींना ते चार दिवसांचे पैसे दिले. कशाचे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना ते चार दिवस तारखांसकट आठवत होते.

उद्याचं वाचन: मार्क ८:२७-३८