डॉ. कोटणीस परत का आले नाहीत?



डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा पाठ आपण कधी ना कधी शिकवलेला असतो. सोलापूरचा तरुण डॉक्टर चीनला गेला, जखमी सैनिकांची सेवा केली आणि तिथेच त्याचा मृत्यू झाला. फळ्यावर त्याग, सेवा, मानवता असे तीन शब्द लिहिले की आपला तास संपतो. पण एकदा वर्गात एका मुलीने मला विचारलं, की बाई, ते परत का नाही आले? त्यांना आईची आठवण येत नव्हती का? तिचे वडील नोकरीसाठी आखातात होते आणि वर्षातून एकदाच घरी यायचे. मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून मग मी हे चरित्र पुन्हा नीट वाचलं. हा लेख त्या वाचनातून झाला आहे. तुमच्याही वर्गात हा प्रश्न येईल, तेव्हा उपयोगी पडेल.

सोलापूर ते मुंबई

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील गिरणीत नोकरीला होते. घर मध्यमवर्गीय आणि खाणारी तोंडं बरीच. मुलाला डॉक्टर करायचं म्हणजे त्या काळी घराने किती ओढाताण केली असेल, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. द्वारकानाथ मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले, डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीला लागले. आता मुलगा हाताशी येणार, असे ते दिवस होते.

तिकडे १९३७ च्या जुलैमध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चीनकडे जखमी सैनिक असंख्य आणि डॉक्टर मोजके होते. सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, लोकांनी पैसे जमवले आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपले कोटणीस. म्हणजे पाचांपैकी दोघे आजच्या महाराष्ट्रातले, हे मुलांना आवर्जून सांगा.

कोटणीसांच्या घरी चीनविषयी फारसं काहीच माहीत नव्हतं. चिनी रेशीम विकायला येणारे फेरीवाले, एवढीच काय ती चीनची ओळख. तरीही घरच्यांनी परवानगी दिली. वर्षभराचा तर प्रश्न होता. सप्टेंबर १९३८ च्या सुरुवातीला मुंबईहून बोट सुटली, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

नवं नाव आणि एक तार

त्याच महिन्यात पथक कँटनला उतरलं. डॉ. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. तिथून हँको, इचांग आणि मग चुंगकिंग असा प्रवास झाला. जपानी फौजा पुढे सरकत होत्या आणि शहरांवर बॉम्ब पडत होते. वाटेत जिथे थांबावं लागे, तिथल्या रुग्णालयात हे डॉक्टर काम करत.

याच प्रवासात पाचही जणांना चिनी नावं मिळाली. कोटणीस झाले के तिहुआ. यातलं हुआ म्हणजे चीन. पाचही जणांच्या नावात हा शब्द होता. परक्या गावात लोक आपलं नाव नीट उच्चारू शकत नाहीत, तेव्हा किती एकटं वाटतं, हे बाहेरगावी राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्या नावाने लोकांना सहज हाक मारता येईल, असं नाव त्यांना मिळालं. रुजण्याची ही पहिली खूण म्हणायला हरकत नाही.

चुंगकिंगला असतानाच सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. सहकाऱ्यांनी परत जायचा सल्ला दिला. कोटणीस गेले नाहीत. जे काम अंगावर घेतलं आहे ते मुदतीआधी सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

मला इथे तुम्हाला थांबवायचं आहे. आपण शिकवताना हा प्रसंग एका वाक्यात उरकतो. पण विचार करा, त्या वेळी घरी आई होती, भावंडं होती आणि मिळवता माणूस गेला होता. कोटणीसांचा निर्णय मोठा होता, पण त्याची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही. सोलापूरच्या घरानेही मोजली. हे मुलांपासून लपवू नका. त्यांना ते कळतं.

राळ्याचा भात आणि चिनी भाषा

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. इथे आठव्या मार्ग सेनेचा तळ होता. पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये लोक राहत. थंडी कडाक्याची. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ती कशी लागली असेल! जेवायला मुख्यतः राळे. हो, आपल्याकडे संक्रांतीच्या भोगीला राळ्याचा भात करतात, तेच राळे. आपल्याकडे सणाला होणारं धान्य तिकडच्या गरिबाचं रोजचं जेवण होतं.

हवा, खाणं आणि आजारपण यांमुळे पथक हळूहळू कमी झालं. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. पुढे अटलही प्रकृतीमुळे मायदेशी गेले. बसू आणि कोटणीस राहिले.

आता रुजण्याची दुसरी खूण, आणि आपल्या शिक्षकी पेशासाठी सगळ्यात महत्त्वाची. कोटणीस चिनी भाषा शिकले. सुरुवातीला दुभाषा लागायचा. पण जखमी माणूस कुठे दुखतंय हे सांगतो, तेव्हा मधल्या माणसाने ते सांगून भागत नाही. चिनी अक्षरं म्हणजे आपली बाराखडी नव्हे, एकेक अक्षर वेगळं पाठ करावं लागतं. हा माणूस तिशीच्या उंबरठ्यावर होता, दिवसभर शस्त्रक्रिया करायचा आणि उरलेल्या वेळात ही अक्षरं गिरवायचा. थोड्याच काळात ते बोलू लागले, लिहू-वाचू लागले आणि पुढे तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना चिनी भाषेतून शिकवू लागले.

बेथून यांच्या जागी

१९४० मध्ये कोटणीस आणि बसू आघाडीच्या भागात, वूताई डोंगराच्या परिसरात गेले. तिथे त्याआधी नॉर्मन बेथून या कॅनडाच्या शल्यविशारदांनी काम केलं होतं. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, त्यातून रक्तात विष भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. त्यांच्या नावाने बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय उभं राहिलं. बसू पुढे येनानला परतले, कोटणीस तिथेच थांबले. जानेवारी १९४१ मध्ये ते या रुग्णालयाचे पहिले संचालक झाले.

संचालक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठी इमारत, केबिन आणि टेबल येतं. इथे तसलं काही नव्हतं. रुग्णालय होतं हेबेई प्रांतातल्या तांग परगण्यात, गेगोंग नावाच्या खेड्यात. शेतकऱ्यांची घरं हेच वॉर्ड. जपानी फौजांची मोहीम निघाली की रुग्ण आणि सामान घेऊन डोंगरात जायचं, ती ओसरली की परत यायचं. औषधांचा तुटवडा कायमचा. लढाई पेटली की विश्रांती विसरायची. एका लढाईच्या वेळी त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे.

शेजारीच बेथून वैद्यकीय शाळा होती. तिथे ते शिकवत. पुस्तकं नाहीत म्हणून त्यांनी शल्यचिकित्सेचं पाठ्यपुस्तक स्वतः लिहिलं आणि दुसरं लिहायला घेतलं. आपल्याला त्यांची ओळख डॉक्टर म्हणून आहे, पण ते शिक्षकही होते, आणि विद्यार्थ्यांच्या भाषेत शिकवणारे शिक्षक होते.

याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

शेवट

याच काळात त्यांना अपस्माराचे, म्हणजे आपण ज्याला फिट म्हणतो त्याचे झटके येऊ लागले होते. विश्रांती घ्या, उपचारासाठी दुसरीकडे जा, असं सहकारी सांगत होते. त्यांनी काम आणि लिखाण सोडलं नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचं निधन झालं. वय बत्तीस. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. दुसरं पुस्तक अपुरं राहिलं.

आज शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा स्मारकात बेथून आणि कोटणीस या दोघांच्याही समाध्या आहेत. गुओ चिंगलान पुढे भारतात येऊन कोटणीस कुटुंबीयांना भेटल्या. यिनहुआही डॉक्टर होत होता, पण शिक्षण संपण्याआधीच १९६७ मध्ये तो वारला. इकडे १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी कोटणीसांवर चित्रपट काढला, आणि सोलापुरातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालं आहे. सहल न्यायची असेल तर जरूर न्या.

मग त्या मुलीला काय सांगायचं?

आता मी तिला असं सांगते. आठवण नक्कीच येत असणार. पण ते गेले वर्षभरासाठी, आणि तिथली भाषा शिकता शिकता, तिथलं अन्न खाता खाता, तिथल्या मुलांना शिकवता शिकवता ते गाव त्यांचं झालं. सोलापूर परकं झालं नाही, एक घर वाढलं. दोन घरं असलेल्या माणसाला एका घरी नेहमीच गैरहजर राहावं लागतं. तुझे बाबाही तिकडे असताना इथे गैरहजर असतात, पण म्हणून ते इथले नाहीत असं होत नाही.

हे ऐकून ती मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या गावाचं नाव अरबीत कसं लिहितात ते वहीत लिहून घेऊन आली.

वर्गासाठी काही सोपे उपक्रम:

१. जगाच्या नकाशावर मुंबई, कँटन, चुंगकिंग, येनान आणि शिजियाझुआंग शोधून कोटणीसांचा मार्ग रेखाटायला सांगा.
२. नव्या गावी गेल्यावर आपण आधी कोणते दहा शब्द शिकू, याची यादी मुलांना करू द्या. डॉक्टर असू तर कोणते, हेही विचारा.
३. आपल्या वर्गात दुसऱ्या राज्यातून आलेलं मूल असेल, तर त्याच्या भाषेतले पाच शब्द सगळ्यांनी शिकावेत.
४. पालकांनी घरी विचारावं: वडील गेल्याची बातमी आली तेव्हा तू काय केलं असतंस? परत येईन असं मूल म्हणालं, तर तेही उत्तर बरोबरच आहे.