एका हाताने मोजलेली नदी

भारतातून पाहुणे आले की आम्हा ॲरिझोनावासीयांची ग्रँड कॅन्यनची वारी ठरलेलीच! कठड्यावरून खाली कोलोरॅडो नदीची बारीक रेघ दिसली की मला हटकून जॉन वेस्ली पॉवेल आठवतो. पाहुण्यांना मी त्याची गोष्ट सांगतेच, आज तुम्हालाही सांगते.

पॉवेलचा जन्म १८३४ चा. पेशाने शिक्षक. १८६२ मध्ये यादवी युद्धात, शायलोच्या लढाईत, त्याचा उजवा हात गेला. पण गडी घरी बसला नाही. तेव्हा या दऱ्यांचा भाग नकाशावर जवळजवळ कोराच होता. २४ मे १८६९ रोजी चार होड्या आणि नऊ साथीदार घेऊन तो वायोमिंगमधून निघाला.

वाटेत एक होडी खडकावर आपटून फुटली. तिच्यात बॅरोमीटर होते. हवेच्या दाबावरून उंची काढायची ही साधनं. ती गेली असती तर मोजणार कशाने? दोघांनी जिवावर उदार होऊन मोडक्या होडीतून ती परत आणली, आणि सोबत व्हिस्कीचं पिंपही! पुढे अन्न संपत आलं. शेवटच्या टप्प्यात तिघे कंटाळून कडा चढून गेले, ते जिवंत परतलेच नाहीत. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २९ ऑगस्टला, उरलेले सहा जण दऱ्यांतून बाहेर पडले.

१८७१-७२ मध्ये तो पुन्हा गेला. त्या वेळी त्याचा मेहुणा आल्मन थॉम्प्सन याने रीतसर मोजणी करून या प्रदेशाचा नकाशा तयार केला.

ही सगळी मोजणी करून पॉवेलला एक गोष्ट पक्की कळली : इथे जमीन अफाट, पाणी मोजकं. राज्यांच्या सीमा पट्टीने आखू नका, नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे आखा, असं त्याचं म्हणणं. १८९० मध्ये त्याने तसा खोऱ्यांचा नकाशाही मांडला. कोण ऐकतो? १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत त्याने पाणी पुरणार नाही असं सांगितलं, तर लोकांनी हुर्यो उडवली. १९०२ मध्ये तो गेला.

१९२२ च्या करारात सात राज्यांसाठी या नदीचं पाणी वाटलं गेलं, तेही नदीत असतं त्यापेक्षा जास्त! आज हीच नदी नेवाडा आणि कॅलिफोर्नियाशी आमची सीमा आहे, आणि भांडणाचं कारणही. २०२२ मध्ये टंचाई म्हणून ॲरिझोनाच्या वाट्यात पहिल्यांदाच कपात झाली. पॉवेलच्या नावाने इथे मोठा जलाशय आहे. नाव त्याचं ठेवलं, म्हणणं मात्र ऐकलं नाही.