अपरिग्रही कर्मवीर

जैन समाजाने महाराष्ट्राला दिलेल्या नररत्नांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आदराने घेतले जाते. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१९ साली कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह उघडले. लोकांनी दिलेले मूठ-मूठ धान्य हा त्याचा आधार होता. कोठार रिकामे झाले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या मुखी घास घातला. १९३० साली त्या निवर्तल्या.

एका कुटुंबाच्या त्यागावर उभ्या राहिलेल्या या कार्याला १९३५ साली कायद्याचे अधिष्ठान लाभले. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्थेची नोंदणी झाली. या कायद्यानुसार किमान सात जणांनी एकत्र यावे लागते, कारभार नियामक मंडळ पाहते आणि संस्था विसर्जित झाली तरी शिल्लक मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. सर्वस्व देणाऱ्या कुटुंबाचाही तीवर खासगी हक्क उरला नाही.

९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे देहावसान झाले. संस्थेने मात्र शताब्दी ओलांडली. त्या नोंदणीच्या काळी नांदेड-लातूर निजामी राजवटीत होते. आज येथील धर्मादाय कार्यातही तोच आदर्श मार्गदर्शक आहे: दान समाजाचे, विश्वस्त केवळ राखणदार. अपरिग्रहाचे व्रत हिशेबाच्या वहीतही पाळता येते, हीच कर्मवीरांची शिकवण होय.