रात्री दोनला अभ्यासाला उठणाऱ्या मुलाने कॉलेज काढलं, तेव्हा लायब्ररी कशी उभी राहिली?

बोनकोडे, कोपरखैरणे, घणसोली हा पट्टा परीक्षेच्या दिवसांत फिरून बघा. अभ्यासिका फुल्ल असतात. कॉलेजच्या लायब्ररीत पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून पोरं सकाळीच दप्तर ठेवून जागा धरतात. कारण साधं आहे. घर एका खोलीचं, त्यात टीव्ही, त्यात पाहुणे, त्यात धाकटी भावंडं. पुस्तक मिळतं, मोबाईलवर नोट्सही मिळतात, पण बसायला जागा मिळत नाही.

ही अडचण शंभर वर्षांपूर्वी परळच्या चाळीतल्या एका मुलालाही होती. त्याने पुढे कॉलेजच काढलं. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेब म्हटलं की संविधान, चवदार तळं, धर्मांतर हे सगळ्यांना आठवतं. त्यांचं पुस्तकांचं वेडही ऐकून माहीत असतं. पण हे वेड एका कॉलेजच्या लायब्ररीपर्यंत कसं पोहोचलं, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही.

१४ एप्रिल १८९१ ला महू इथे त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवायचे. साताऱ्यातली शाळा झाल्यावर कुटुंब मुंबईत परळला आलं. घर म्हणजे एकच खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच, सरपण तिथेच आणि कोपऱ्यात शेळीसुद्धा. दोघांना एका वेळी धड आडवं होता येत नसे. मग रामजींनी उपाय काढला. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं, वडिलांनी जागं राहायचं. रात्री दोनला वडील मुलाला उठवणार आणि त्याच जागेवर स्वतः झोपणार. जात्याजवळच्या त्या कोपऱ्यात मिणमिणत्या दिव्यावर भीमरावांचा अभ्यास चाले.

पुस्तकं हा आणखी एक खर्च. मुलाने पुस्तक मागितलं की रामजी लग्न झालेल्या लेकीकडे जात, पैसे मागत. तिच्याकडे नसले तर तिचा एखादा दागिना गहाण पडे आणि पेन्शन आल्यावर सुटे. आंबेडकरांच्या लायब्ररीचा हिशोब मांडायचा झाला, तर पहिली नोंद या बहिणींच्या दागिन्यांची करावी लागेल.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथे एक गृहस्थ नेहमी येत, शिक्षक आणि लेखक कृष्णराव अर्जुन केळुसकर. रोज एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारात केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे शिक्षणाचे पैसे संपले, तेव्हा त्यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेणारेही केळुसकरच. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ ला बी. ए. झालं.

१९१३ ला बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. इथे पहिल्यांदा त्यांना हवी तेवढी पुस्तकं, बसायला टेबल आणि कुणी उठवणार नाही अशी खुर्ची एकत्र मिळाली. उरलेला वेळ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. पोटाला चिमटा काढून त्यांनी तिथे जवळपास २००० पुस्तकं जमवली. निघताना ती भारतात आणण्यासाठी एका मित्राकडे सोपवली. त्यातली बरीच त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत.

दुसरा फटका १९१७ चा. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. पहिलं महायुद्ध सुरू होतं. ते एका बोटीने आले, सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीने निघाली. सामानाची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. विम्याचे ६०० रुपये मिळाले. त्याच पैशांतून ते नोकरीसाठी बडोद्याला गेले.

आता बडोदा म्हणजे काय, हे समजून घेतलं पाहिजे. त्या काळात सार्वजनिक ग्रंथालयांच्या बाबतीत अख्ख्या देशात बडोद्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले होते. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावी वाचनालयं, आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्गही तिथे सुरू झाले. अशा शहरात कोलंबियाहून शिकून आलेल्या आंबेडकरांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी वसतिगृहात ते पारशी नावाने राहिले. काही दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि जागा सोडावी लागली. संध्याकाळपर्यंत कामाठी बागेत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

राजाची इच्छा चांगली, संस्था चांगली, कपाटंही चांगली. तरी त्या पुस्तकांपर्यंत कोण पोहोचणार हे शेवटी शहरातली माणसंच ठरवत होती. आंबेडकरांनी पुढे स्वतःच्या संस्था उभ्या केल्या, त्यामागे हा अनुभव नक्कीच असणार.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तिथेही काही सहकाऱ्यांना त्यांनी स्टाफरूममधल्या माठाचं पाणी प्यायलेलं चालत नव्हतं. पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचं कर्ज, एवढ्यावर १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचं दार उघडताच आत शिरायचं, बंद होईपर्यंत उठायचं नाही. दुपारचं जेवण नाही. संध्याकाळी बाहेर पडताना खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले. रात्री भूक लागली की भारतातून आणलेले पापड भाजून खायचे आणि परत वाचत बसायचं. १९२३ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी. एस्सी. मिळाली.

१९२४ ला त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहं होती आणि त्याबरोबर वाचनालयं आणि अभ्यासवर्गही होते. पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू झालं. आज ज्याला अभ्यासिका म्हणतात, ती कल्पना इथे दिसते. पुस्तक द्या, पण त्याबरोबर बसायला जागा आणि बोलायला सोबतही द्या.

त्यांची स्वतःची राहणी मात्र परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांतच होती. पुस्तकं वाढत गेली, खोल्या वाढेनात. शेवटी १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं गेलं, तेच मुळी पुस्तकांसाठी. घराची आखणी करताना कपाटांचा विचार आधी झाला, माणसांचा नंतर, असं म्हटलं तरी चालेल. त्या घरात पुस्तकांवर त्यांचा जीव इतका होता की कुणाला उसनं पुस्तक देणं त्यांना फार जड जाई.

अशा माणसाने आपली पुस्तकं कॉलेजला दिली, ही या गोष्टीतली मोठी गोष्ट.

८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. सुरुवात मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत. पुढे फोर्टमध्ये आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारती आल्या. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सकाळच्या वेळेचे वर्ग ठेवले. गिरणीत, ऑफिसात कामाला जाणारा मुलगा आधी कॉलेजला यायचा. दरवाजा सगळ्या जातीधर्मांना उघडा होता, विद्यार्थ्यांसाठी आणि प्राध्यापकांसाठीही.

पहिले प्राचार्य कोण? अश्वत्थामा बाळाचार्य गजेंद्रगडकर, संस्कृतचे नावाजलेले पंडित. ज्याला संस्कृतच्या वर्गात बसू दिलं नव्हतं, त्याने आपल्या कॉलेजचं प्रमुखपद संस्कृतच्या विद्वानाला दिलं.

लायब्ररीची जबाबदारी ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडे होती. बाबासाहेब तेव्हा दिल्लीत. कायदामंत्री, मसुदा समितीचे अध्यक्ष, हिंदू कोड बिल, एकामागून एक काम. तरी त्यांच्या संग्रहातली पुस्तकं या कॉलेजकडे येत गेली. अर्थशास्त्र, कायदा, धर्म, इतिहास. त्यातल्या अनेकांच्या समासात त्यांच्या हाताच्या खुणा आहेत. सकाळी वर्गाला आलेला गिरणीकामगाराचा मुलगा कपाटातून पुस्तक काढणार आणि त्यावर आंबेडकर आधी कुठे थांबले होते ते त्याला दिसणार. असं भाग्य फार थोड्या कॉलेजांच्या लायब्ररीला लाभतं.

वाचलेलं तपासून बघायलाही जागा होती. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरायची. सत्ताधारी पक्ष, विरोधी पक्ष, विधेयकं, प्रश्नोत्तरं, सगळं रीतसर. स्वतः बाबासाहेबही तिथे बोलले. संसदेत भाषण करायचं तर आधी लायब्ररीत बसावं लागणार, हे वेगळं सांगायची गरज उरत नाही.

१९५० ला औरंगाबादला दुसरं मोठं कॉलेज निघालं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणाची सोय अगदी मोजकी. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला मिलिंद नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्नांवर प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन त्याला उत्तरं देणारा भिक्खू. सिद्धार्थची वाणिज्य आणि विधी महाविद्यालयंही पुढच्या काही वर्षांत उभी राहिली.

आज बोनकोड्यापासून थोड्याच अंतरावर, ऐरोलीत, नवी मुंबई महापालिकेने बाबासाहेबांचं स्मारक उभारलंय. तिथे ग्रंथालय आहे, हे बरं झालं. नुसता पुतळा असता तर त्यांना स्वतःला कितपत आवडलं असतं, शंकाच आहे.

शेवटच्या वर्षांत मधुमेह, संधिवात आणि अधू झालेली नजर यांनी त्यांना जेरीस आणलं होतं. तरी बुद्धावरचा ग्रंथ पुरा करण्याचा ध्यास सुटला नव्हता. हा विषय त्यांच्या हाती पहिल्यांदा आला तो मॅट्रिकच्या सत्कारात, केळुसकरांच्या पुस्तकातून. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी त्यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद मागवून घेतले, त्यावर हात फिरवला आणि झोपले. ६ डिसेंबरच्या सकाळी ते उठले नाहीत.

ग्रंथ १९५७ मध्ये बाहेर आला. तो छापला पीपल्स एज्युकेशन सोसायटीने, सिद्धार्थ कॉलेज प्रकाशन म्हणून.